चाळीस फूट जिप्समची भिंत आणि चौदा हजार रुपये

लातूरला आमच्या वरच्या मजल्यावर नीटची लेकरं राहतात. तीन खोल्या, एकेका खोलीत दोघी, सगळ्या मुलीच. मे च्या पहिल्या रविवारी पेपर झाला की दोन दिवसात बॅगा भरून गावाकडं जातात आणि जूनमध्ये नवी बॅच यायच्या आत मला जी काय डागडुजी करायची ती करून घ्यावी लागते. यावेळी मधल्या खोलीतला पलंग झाडायला म्हणून भिंतीपासून ओढला आणि बघते तर पार्टिशनची भिंत खालून दीड फुटापर्यंत फुगलेली, रंगाचे पापुद्रे सुटलेले, बोट दाबलं तर आत गेलं, आणि वास इतका कुबट की आधी खिडकी उघडली. मागं काळी बुरशी. त्या पलंगावर झोपणारी पोरगी शेवटचे दोन महिने सतत शिंकायची, मी तिला काढा करून द्यायचे आणि म्हणायचे जागरण कमी कर. बुरशीमुळंच झालं असं मी म्हणत नाही पण दोन महिने तिच्या उशाला ती भिंत तशी होती आणि मला पत्ता नव्हता, हे मला लै लागलं.

आता ही भिंत जिप्समची का, विटेची का नाही, हे सगळे विचारतात म्हणून सांगते. वर आधी एक लांब हॉल होता. खोल्या काढायच्या ठरल्या तेव्हा इंजिनिअर म्हणला की जिथं तुम्हाला भिंत पाहिजे तिथं स्लॅबखाली बीम नाही, विटेची भिंत प्लास्टर धरून लै जड होते, तिचं ओझं नुसत्या स्लॅबवर टाकू नका. आणि आमचे मामा, म्हणजे सासरे, ते औसा तालुक्यातले. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटेच्या भूकंपात त्यांनी दगडमातीच्या दोन-दोन फुटी भिंती आणि वरचं माळवद माणसांवर पडलेलं डोळ्यांनी बघितलंय. घरात वजन जेवढं कमी तेवढं बरं, हे त्यांचं ठाम मत, आणि आम्ही कोणी त्यावर वाद घालत नाही. म्हणून जीआय, म्हणजे जस्त चढवलेल्या लोखंडी पत्र्याचे चॅनेल उभे करून दोन्ही अंगाला साडेबारा एमएमचे जिप्सम बोर्ड आणि मधी ग्लासवूल, म्हणजे काचेच्या तंतूंचा कापूस, अशी भिंत घातली. सहा वर्षं चांगली चालली. त्यामुळं जिप्समलाच नावं ठेवायची माझी तयारी नाही.

मी आधी फोनवरच रेट विचारला. एकजण म्हणला नवीन पार्टिशन मटेरियलसकट फुटाला, म्हणजे चौरस फुटाला, नव्वद. मी टेप घेऊन मोजलं, बारा फूट लांब, दीड फूट उंच, दोन्ही बाजू धरून छत्तीस फूट. वर एका ठिकाणी एका मुलीनं पुस्तकांचं लोखंडी शेल्फ बोर्डालाच स्क्रू मारून लावलं होतं, ते पुस्तकांच्या वजनानं बोर्डाचा तुकडा घेऊनच खाली आलं होतं, तिथं अजून दोन फूट. सगळं मिळून चाळीस धरा. चाळीस गुणिले नव्वद, छत्तीसशे. मी मनात चार हजार धरून बसले. तो माणूस प्रत्यक्ष आला, दोन मिनिटं बघितलं, म्हणला नऊ हजार. रंग तुमचा वेगळा. मी म्हणलं फोनवर तर नव्वद रुपये फूट म्हणलात, तर म्हणला ते नव्याला, रिपेरिंगला तसा रेट नसतो. का नसतो ते काही सांगितलं नाही आणि मला सरळ सरळ लुटायलाय असं वाटलं. दुसरा आला तो म्हणला पूर्ण भिंतच काढून टाकू, जुन्याला हात लावत बसण्यात मजा नाही, आणि जो आकडा सांगितला त्यात माझे दोन महिन्यांचे भाडे गेले असते. वरचे साडेआठ फूट खणखणीत कोरडे असताना ते कशाला पाडायचे हे मला पटलंच नाही.

तिसरा गुत्तेदार, म्हणजे कंत्राटदार, आमच्या शेजाऱ्यांकडं पीओपीचं काम करून गेलेला. चाळीशीचा माणूस, बोलायला हळू. त्यानं भिंत बघितली, वाजवून बघितली, जिथपर्यंत बद्द आवाज येतोय तिथं पेन्सिलीनं रेघ मारली, मग खाली येऊन बसला, चहा घेतला आणि म्हणला, "ताई, तुम्ही फुटाचा रेट विचारायलात, तिथंच सगळं चुकायलंय. कागद द्या." आणि माझ्याच किराणाच्या वहीच्या मागच्या पानावर त्यानं लिहून दिलं, ते पान मी जपून ठेवलंय म्हणून इथं तसंच देतेय. ओलाव्याला टिकणारे हिरव्या कागदाचे बोर्ड दोन, साडेआठशे प्रमाणे सतराशे. खालचा चॅनेल गंजला असणार म्हणून बारा फुटी एक, तीनशे. स्क्रूचा डबा अडीचशे, जॉइंटिंग कंपाउंडचं पोतं सहाशे, टेप दोनशे, पुट्टी दोनशे, प्रायमर अडीचशे, रंग चार लिटर पंधराशे. झाले पाच हजार. ऑटोभाडं चारशे. मिस्त्री दोन दिवस हजारानं, हेल्पर दोन दिवस सहाशेनं, पेंटर दोन दिवस नऊशेनं, झाले पाच हजार. बेरीज दहा हजार चारशे. खाली त्यानं रेघ मारली आणि लिहिलं, माझे सोळाशे. एकूण बारा हजार.

स्वतःचा नफा कागदावर लिहून देणारा गुत्तेदार मी पहिल्यांदाच बघितला.

तरी मी एकेक ओळ धरून भांडले, कारण पैसे माझेच जाणार होते. म्हणलं चाळीस फुटाला कंपाउंडचं अख्खं पोतं कशाला? तर म्हणला लागतं तीन-चार किलोच, पण सुटं कोणी देत नाही, आणि फोडलेलं पोतं हवा लागून गोळे धरतं, पुढच्या कामाला वापरलं तर त्या गिऱ्हाइकाच्या भिंतीला भेगा. स्क्रूचं तेच. म्हणलं चार तासाच्या कामाला मिस्त्रीचे दोन दिवस का? तर म्हणला काम चार तासाचंच आहे पण ते एका दमात होत नाही. कापायचं, बोर्ड लावायचा, सांध्यात पहिला हात भरून टेप बसवायची, ते वाळेपर्यंत हात लावायचा नाही, मग दुसरा हात, मग वाळू द्यायचं, मग तिसरा. मिस्त्री तुमच्याकडं दोन तासासाठी आला तरी त्याचा दिवस मोडतो, उरलेल्या अर्ध्या दिवसात त्याला दुसरं काम मिळालं तर ठीक, नाहीतर हजेरी मलाच द्यावी लागते. नवीन ऑफिसचं हजार फूट पार्टिशन असलं की हे सगळे खाडे, ऑटोचं भाडं, फुटलेली पोती त्या हजार फुटात विरघळून जातात, म्हणून तिथं नव्वदला परवडतं. तुमच्या चाळीस फुटात ते कुठं विरघळणार?

हे ऐकल्यावर पहिल्या माणसाबद्दल माझं मत बदललं. त्यानं नऊ हजार सांगितले ते रंग सोडून, म्हणजे हिशेब जवळपास तोच होता, फक्त त्यानं तो फोडून सांगितला नाही. सांगितला असता तर मी त्यालाच काम दिलं असतं कदाचित.

आणि रंगाचे पंधराशे मला सगळ्यात जास्त खुपत होते. खालचा दीड फूट रंगवायला चार लिटर? तर त्याचं म्हणणं, सहा वर्षं जुन्या रंगाशेजारी नवा रंग, तोच शेड नंबर आणला तरी पट्टा उठून दिसणार, म्हणून कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत अख्खी भिंत दोन्ही बाजूनं मारावी लागते, ती दोनशे चाळीस फूट होते. रंगाचं क्षेत्र आणि बोर्डाचं क्षेत्र वेगळं, हे माझ्या डोक्यातच नव्हतं. पक्कं बिल मागितलं तर म्हणला माझी उलाढाल वर्षाला वीस लाखाच्या आत आहे, जीएसटी नंबर नाही, दुकानाच्या मटेरियलची बिलं तुमच्या नावानं आणून देतो, मजुरीची सही करून पावती देतो. तेवढं मला चाललं. नंबरवाल्या गुत्तेदाराकडून घेतलं असतं तर वर अठरा टक्के आलेच असते.

पैशाचं आम्ही असं ठरवलं, पाच हजार उचल मटेरियलसाठी, बोर्ड बसवून झाले की चार हजार, रंग झाला की दीड हजार आणि शेवटचे दीड हजार पावसाळा लागून एक महिना गेल्यावर. शेवटच्या अटीला तो थोडा थांबला पण हो म्हणला.

कामाला चाचा आले. उदगीरकडचे, साठीच्या आतबाहेर, सगळे त्यांना चाचाच म्हणतात, गुत्तेदारसुद्धा. त्यांनी कटर हातात घ्यायच्या आधी भिंतीच्या पलीकडं जाऊन बाथरूम बघितलं. म्हणले, "पहले ये देखो बाई, पानी कां से आरा. वो बंद नै हुआ तो कित्ता बी अच्छा बोर्ड लगाओ, सड़ताइच." आणि खरोखर कारण तिथंच निघालं. आमच्याकडं नळाला पाणी रोज येत नाही, २०१६ ला मिरजेहून पाण्याची रेल्वे आली होती तेव्हापासून तर लातूरातल्या प्रत्येक घरात ड्रम, टाक्या, बादल्या भरून ठेवायची सवय लागलीय ती लागलीच. मुलींच्या बाथरूममध्ये दोनशे लिटरचा ड्रम, पाणी आलं की तो भरून वाहतो, आणि नेमकं नहाणीच्या जाळीभोवतीचं सिमेंट सुटलेलं. ते पाणी फरशीखालून झिरपत झिरपत पार्टिशनच्या खालच्या चॅनेलपर्यंत यायचं. त्यात सहा वर्षांपूर्वी ज्यांनी भिंत घातली त्यांनी बोर्ड थेट फरशीला टेकवलेला. चाचा म्हणले जमिनीपासून एक सेंटीमीटर तरी वर ठेवायचा असतो, खालची फट स्कर्टिंगमागं झाकून जाते, टेकवला की तो दिव्याच्या वातीसारखा पाणी वर ओढतो. वरून कोणी भिजवलंच नव्हतं आणि तरी दीड फूट चढलं होतं ते त्यामुळं.

मग प्लंबर. त्यानं जाळीभोवतीचं फोडून परत बसवलं, साडेअठराशे घेतले. हे त्या बारा हजारात नव्हते आणि गुत्तेदारानं आधीच सांगितलं होतं की पाण्याचा बंदोबस्त तुमचा. दोन दिवस सुकायला दिले, त्यात अमावस्या आली, त्या दिवशी मिस्त्री लोक कामाला येत नाहीत, म्हणजे तीन दिवस. मला वाटायचं नुसताच वेळ चाललाय, पण ओल्यावर बोर्ड चढवला असता तर सगळं पाण्यात गेलं असतं.

उघडलं तेव्हा आतलं ग्लासवूल भिजून लगदा झालेलं. ते कागदावर नव्हतं. गुत्तेदारानं फोटो काढून पाठवला, फोन केला, पाचशे वाढतील, चालेल का विचारलं. मला हे फार आवडलं. भिंत उघडल्याशिवाय आत काय आहे ते कोणालाच दिसत नाही, वाढीव खर्च येणारच, पण बसवून झाल्यावर सांगणं वेगळं आणि उघडल्या उघडल्या फोटो पाठवणं वेगळं.

चाचांचं काम बघत मी दोन दिवस तिथंच स्टूल टाकून बसले होते. चार बाय सहाच्या शीटचे लांबीत दीड-दीड फुटाचे दोन पट्टे काढले, दोन शीटचे चार, आमच्या भिंतीच्या दोन्ही अंगाला मिळून चोवीस फूट लांबी, बरोबर चारच पट्टे लागले, लांबीत एक बोट वाया नाही, रुंदीत फूटभराची पट्टी तेवढी उरली. पट्टे असे काढले की फॅक्टरीची उतरती कड वरच्या सांध्याला यावी. मी विचारलं त्यानं काय होतं, तर हात फिरवून दाखवलं, बोर्डाची लांब कड किंचित पातळ असते, तिथं टेप आणि कंपाउंड बसलं की भिंत सपाट राहते, पण जुन्या बोर्डाची आपण कापलेली कड जाडच असते, म्हणून तिकडून कंपाउंड फूटभर पसरत न्यायचं, नाहीतर आडवा फुगवटा दिसतो आणि संध्याकाळी ट्यूबलाइट लागली की सावली पडते. सांध्यामागं आडवा चॅनेलचा तुकडा टाकला, कारण मागं आधार नसला की कोणी टेकून बसलं तरी सांधा हलतो. शेल्फ पडलेल्या जागी एका उभ्या चॅनेलपासून दुसऱ्यापर्यंत, दोन फुटाच्या अंतरात, चौकोन कापून मागं प्लायचा तुकडा बसवला आणि वर उरलेल्या पट्टीतला बोर्ड. आता त्या जागी शेल्फ लावलं तर प्लाय धरेल. मला हे आधी माहीत असतं तर प्रत्येक खोलीत एकेक प्लाय तेव्हाच टाकून घेतला असता, शंभर-दोनशेत झालं असतं.

एकदा मी पंखा फुल लावला, वर बेचाळीस डिग्रीचं ऊन, लवकर वाळेल म्हणून. चाचा वैतागले, बंद करायला लावला. भसकन वाळलं की कडांना भेगा धरतात म्हणे.

जेवायच्या सुट्टीत गुत्तेदार यायचा आणि तिथं त्याचं दुसरं जग कळलं. एका मंगल कार्यालयाच्या सिलिंगचे त्याचे अडतीस हजार दहा महिन्यांपासून अडकलेत, मालक फोन उचलत नाही. दुकानदार मटेरियल उधार देतो ते पंधरा दिवसांच्या बोलीवर. कामावरच्या पोरांना दर शनिवारी हप्ता लागतो, कोणाला लग्नाला उचल पाहिजे, कोणाला पेरणीला, नाही दिली तर पुढच्या आठवड्यात दुसऱ्याच्या साईटवर. मग एकाची उचल दुसऱ्याच्या मटेरियलला वापरली जाते, ती वेळेत आली नाही की तिसऱ्याचं काम लटकतं, आणि आपण म्हणतो गुत्तेदार पैसे घेऊन पळाला. काही पळतातही, आमच्याच गल्लीत एकीचे वीस हजार गेलेत, मी सगळ्यांची बाजू घेत नाही. पण या माणसाला माझ्या कामातून पंधरा दिवसात सहा चकरा मारून सोळाशे मिळाले, त्यात त्याचं पेट्रोल. मी विचारलं मग असली छोटी कामं घेता कशाला? म्हणला, मे मध्ये मोठं काम नाही, आणि चाचांना बसवून ठेवलं तर ते उदगीरला निघून जातील, परत येतील याची खात्री नाही. त्यांच्यासारखा हात मला सापडायचा नाही.

दुसऱ्या दिवशीपासून मी सगळ्यांना दुपारी जेवायलाच वाढलं, वरण-भात, ज्वारीची भाकरी, ठेचा. हिशेबात धरलं नाही.

रंग झाला, सोबत ठरलेले पैसे गेले, नव्या मुली आल्या. सगळं मिळून बारा हजार, ग्लासवूलचे पाचशे, प्लंबरचे साडेअठराशे, चौदा हजार तीनशे पन्नास. मामांनी आकडा ऐकून विचारलं एवढ्यात तर नवी अर्धी भिंत झाली असती की. मी त्यांना ते वहीचं पान दाखवलं, त्यांनी चष्मा लावून सगळं वाचलं आणि सोळाशेवर बोट ठेवून म्हणले, एवढंच?

जुलैत पाऊस लागला. दर दोन-चार दिवसांनी मी पलंग ओढून खाली उलटा हात लावून बघायचे, कोरडं. नळाला पाणी आलं त्या दिवशीही कोरडं, ड्रम आता भरून वाहू देत नाही मी. पण वर, जिथं पार्टिशन स्लॅबला भेटतं तिथं, केसाएवढी भेग दिसली. ती आमच्या दुरुस्तीच्या जागेची नव्हतीच, तरी फोन केला. चौथ्या दिवशी गुत्तेदार आणि चाचा दोघं आले. स्लॅब उन्हानं हलतो, भिंत वेगळी हलते, तिथं कडक कंपाउंड भरलं की ते फुटणारच, असं म्हणून चाचांनी जुनं खरवडून काढलं आणि रबरासारखं राहणारं सीलंट बंदुकीनं भरलं, नळी अडीचशेची. मी पैसे द्यायला लागले तर गुत्तेदार म्हणला राहू द्या, ते दीड हजार आज देता का तेवढं सांगा, शनिवार आहे. मी तिथंच फोनवरून पाठवले, नळीचे अडीचशे धरून. चाचांनी उरलेली एक फूट रुंदीची पट्टी गच्चीच्या जिन्याखाली कोरड्या जागी उभी करून ठेवली आणि मला दाखवून ठेवली, कुठं ठेवलीय ते.